सेकंडहँड गाडी घेताना ‘हिस्टरी रिपोर्ट’वर किती विश्वास ठेवायचा? मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईत जुनी गाडी शोधणारे लोक जे सतत विचारत असतात, ते इथे एकत्र केलं आहे. विचारणाऱ्याकडे बहुतेक वेळा गाडीचा नंबर असतो, मोबाइलवर उतरवलेला एक रिपोर्ट असतो आणि संध्याकाळपर्यंत टोकन द्यायचं असतं. तेवढाच वेळ असेल तर निदान प्रश्न ३ आणि ४ वाचा.

१. हिस्टरी रिपोर्ट म्हणतात तो नेमका काय असतो? त्यात माहिती येते कुठून?

गाडीचा नंबर टाकला की निरनिराळ्या दप्तरांत त्या नंबरापुढे जे लिहिलेलं आहे ते गोळा करून दाखवणारा कागद म्हणजे रिपोर्ट. त्याचा कणा म्हणजे ‘वाहन’ ही केंद्र सरकारची नोंदवही. ताडदेव (एमएच-०१), अंधेरी (०२), वडाळा (०३), बोरिवली (४७) या आरटीओंत गाडीच्या कागदांवर झालेली कामं तिथे जातात. त्याला ई-चलान आणि विमा-पीयूसीच्या तारखा जोडल्या जातात, आणि मिळाल्याच तर कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमधल्या सर्व्हिसच्या नोंदी.

रिपोर्ट बनवताना गाडी कुणी पाहिलेली नसते, हे आधी लक्षात घ्या. बॉनेट उघडलेलं नसतं, कार्पेट उचललेलं नसतं.

२. सरकारी माहिती फुकट मिळते, तर पैसे देऊन रिपोर्ट का घ्यायचा?

परिवहन खात्याच्या साइटवर किंवा एमपरिवहन अ‍ॅपवर नंबर टाकला की मालकाचं अर्धवट झाकलेलं नाव, नोंदणीची तारीख, आरटीओ, इंधन, विमा आणि पीयूसीची मुदत, कर्जाचा बोजा, ब्लॅकलिस्टचा शेरा एवढं दिसतं. सुरुवातीला हे पुरेसं आहे. अ‍ॅप मात्र प्ले स्टोअर किंवा अ‍ॅप स्टोअरवरूनच घ्या. ‘तुमचं चलान थकलंय’ असा मेसेज पाठवून व्हॉट्सअ‍ॅपवर एमपरिवहनच्या नावाची खोटी फाइल देतात आणि ती उघडणाऱ्यांची बँक खाती रिकामी झालेली आहेत.

पैशाच्या रिपोर्टमध्ये खरं जास्तीचं काही असेल तर ते सर्व्हिसचं रेकॉर्ड. त्यात प्रत्येक भेटीची तारीख, त्या दिवसाचं किलोमीटर, वर्कशॉपचं ठिकाण आणि केलेलं काम असेल तर पैसे वसूल. नुसतं ‘रेकॉर्ड उपलब्ध’ आणि खाली दहापैकी आठ गुण असं असेल तर त्यातून काहीही हाती लागत नाही. गुणांकडे तर बघूच नका. ते कशावरून दिले हे तुम्हाला तपासता येत नाही.

३. रिपोर्ट एकदम क्लीन आला. आता गाडी घ्यायला हरकत नाही ना?

ते रिपोर्टवरून कळत नाही. वाईट नोंद दिसली तर ती खरी धरून चालायचं. वाईट नोंद दिसली नाही, तर त्याचा अर्थ एवढाच की ती कुणी लिहिलेली नाही.

असं समजा की कुर्ल्याच्या सिग्नलला गाडी पुढून ठोकली गेली. मालकाने विमा कंपनीला कळवलं नाही, ओळखीच्या गॅरेजात डेंटिंग-पेंटिंग करून घेतलं आणि रोख पैसे दिले. आरटीओला याचा पत्ता नाही, विमा कंपनीला नाही, अधिकृत वर्कशॉपलाही नाही. रिपोर्ट कोराच राहणार. हे क्वचित घडतं असंही नाही. क्लेम केला की पुढच्या वर्षीची नो क्लेम बोनसची सूट जाते, म्हणून बरेच लोक खिशातून खर्च करतात. त्यात गैर काही नाही, पण पुढच्या खरेदीदाराला त्याचा मागमूस राहत नाही.

तेव्हा रिपोर्टचा उपयोग संशयित गाड्या बाजूला काढायला करा. उरलेल्या गाड्यांतली कुठली घ्यायची हे मेकॅनिकने गाडी बघून ठरतं.

४. मग रिपोर्टमधल्या कुठल्या ओळीवर किती भरवसा ठेवायचा?

माझी कसोटी अशी: जी गोष्ट आरटीओत नोंदवल्याशिवाय काम पुढे सरकतच नाही, ती भरवशाची. नोंदणीची तारीख, उत्पादनाचा महिना, इंजिन आणि चेसिस नंबर, गाडीचा वर्ग, भारत स्टेजचा (प्रदूषणाच्या निकषांचा) टप्पा, नोंदणीकृत मालक किती झाले, हे सगळं यात येतं. जुन्या पुस्तकी आरसीवरून (नोंदणी प्रमाणपत्रावरून) संगणकात चढवलेल्या नोंदींत स्पेलिंगच्या किंवा रंगाच्या चुका सापडतात, पण त्या कळून येतात.

विमा, पीयूसी, कर्जाचा बोजा आणि चलान या ओळी खऱ्या असतात, पण मागे पडलेल्या असू शकतात. त्यांची खात्री मूळ कागदावरून करायची.

किलोमीटर, अपघात, पाण्यात बुडणं आणि एकूण देखभाल या चार गोष्टींवर गाडीची खरी किंमत ठरते आणि नेमक्या याच बाबतीत रिपोर्ट सगळ्यात कमजोर आहे. त्यामुळे पुढचं मोठं लिखाण त्यांच्यावरच आहे (प्रश्न ६, ७, ८).

उत्पादन आणि नोंदणी यांतलं अंतरही बघा. डिसेंबर २०१८ ला बनलेली गाडी जून २०१९ ला नोंदली गेली, तर विकणारा ‘२०१९ची’ म्हणूनच भाव सांगतो. सतरा अक्षरी चेसिस नंबरातलं दहावं अक्षर बहुतेक कंपन्यांत वर्षाचं असतं: जे म्हणजे २०१८, के २०१९, एल २०२०.

५. आरसीवर फर्स्ट ओनर आहे. म्हणजे एकाच माणसाने वापरली, बरोबर?

एकाच नावावर होती, एवढंच. मालकाने नाव बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून गाडी डीलरला दिली, त्याने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि नाव कुणीच बदललं नाही, असं होतं. मधल्या काळात गाडी कोण चालवत होतं हे कुठेच लिहिलेलं नसतं. कंपनीच्या नावावरची गाडीही कागदावर फर्स्ट ओनरच असते, मग ती दहा ड्रायव्हरांनी चालवलेली का असेना.

उलटही घडतं. वडील गेले आणि गाडी आईच्या नावावर झाली की ती सेकंड ओनर दिसते, पण घर तेच, पार्किंग तेच, ड्रायव्हर तोच. अशी गाडी नुसत्या आकड्यामुळे सोडू नका.

समोर उभा असलेला माणूस आरसीवरचा नसेल तर आरसीवरच्या माणसाशी फोनवर बोलणं झाल्याशिवाय पुढे जाऊ नका. गाडी केव्हा दिली, कुणाला दिली, का दिली, हे तीनच प्रश्न विचारा.

६. मीटर मागे केलाय का, हे रिपोर्टवरून कळेल?

कधीकधी. सर्व्हिसच्या नोंदींत एखादा आकडा आधीच्या आकड्यापेक्षा कमी दिसला तर विषय संपला. पण मीटर ‘बॅक’ करणारा माणूस इतका कच्चा नसतो. वॉरंटी संपल्यावर गाडी अधिकृत वर्कशॉपला जाणं बंद होतं आणि तिथून पुढे कुठलाच आकडा नोंदला जात नाही. ब्रिटनमध्ये गाडी तीन वर्षांची झाली की दर वर्षी सरकारमान्य तपासणी होते, तिथे किलोमीटर लिहिलं जातं आणि ते कुणालाही बघता येतं. आपल्याकडे खासगी गाडीला पहिली पंधरा वर्षं अशी फिटनेस तपासणीच नाही.

म्हणून आकडा गाडीवर शोधायचा. टायरच्या कडेवर चार आकडे कोरलेले असतात: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ‘२३२१’ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. गाडी २०१८ची, मीटरवर २२ हजार आणि चारही टायर २०२१चे? एवढ्या कमी चालीत चारही टायर का बदलले, हे विकणाऱ्याला विचारा. ब्रेकच्या पेडलचं रबर गुळगुळीत झालंय का, ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड दबलीय का, स्टिअरिंगचं कातडं चमकतंय का, हे बघा. त्यापुढे स्कॅनर लावणारा माणूस आणा. काही गाड्यांत मीटरखेरीज गिअरबॉक्स, एअरबॅग किंवा एबीएसच्या युनिटमध्येही किलोमीटर साठलेलं असतं आणि सगळीकडचं बदलायला मीटर बॅक करणारा बसत नाही.

पण कमी किलोमीटर म्हणजे फसवणूक असं मुंबईत तरी समजू नका. इथे हजारो लोक ऑफिसला लोकलने जातात आणि गाडी सोसायटीत उभी असते. तेव्हा ‘कामाला कसे जाता?’ हा प्रश्न विचाराच. बोरिवलीहून बीकेसीला रोज गाडीने जाणाऱ्याचे एका वेळचे साधारण २५ किलोमीटर होतात, म्हणजे वर्षाच्या २५० दिवसांत १२,५००. सहा वर्षांनी मीटरवर १८ हजार दाखवणाऱ्याने हा हिशेब समजावून सांगायला हवा. आणि खरोखर उभी राहिलेली गाडी असेल तर उंदरांनी कुरतडलेल्या वायरी, कोरडे पडून तडकलेले टायर आणि मेलेली बॅटरी यांचा खर्च धरा.

७. अपघात झालेली गाडी कशी ओळखायची? रिपोर्टमध्ये ‘नो अ‍ॅक्सिडेंट’ लिहिलंय.

ती ओळ कुठल्या दप्तरावरून आली हे विचारा. देशातल्या सगळ्या अपघातांची खरेदीदाराला बघता येईल अशी यादी नाही. विम्याचा क्लेम ही त्यातल्या त्यात जवळची खूण आणि ती विकणाऱ्याच्या घरातल्या जुन्या पॉलिसींवर सापडते.

गेल्या तीन-चार वर्षांच्या पॉलिसी मागवा आणि नो क्लेम बोनसचा रकाना बघा. क्लेमशिवाय एक वर्ष गेलं की २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५०. क्लेम केला की पुढच्या नूतनीकरणाला शून्य. म्हणजे २०१९ला घेतलेल्या गाडीच्या २०२४च्या पॉलिसीवर ५० हवेत. तिथे २० दिसले तर २०२२-२३ च्या पॉलिसीवर क्लेम झालेला असण्याची दाट शक्यता आहे. मग विचारा: कशाचा क्लेम होता, सर्व्हेअरचा रिपोर्ट आहे का, बिल आहे का. खरं सांगणारा माणूस बिल काढून देतो. बंपर आणि दिव्याचं बिल असेल तर गाडी वाईट नाही.

ही खूणसुद्धा चकवते. बोनस गाडीचा नसतो, माणसाचा असतो. जुन्या गाडीवरचा ५० टक्के तो नव्या गाडीवर घेऊन येऊ शकतो. बोनस वाचवणारं अ‍ॅड-ऑन असलं तर क्लेमनंतरही सूट टिकते. पॉलिसी संपून ९० दिवसांपेक्षा जास्त गेले तर क्लेम न करताही बोनस शून्य होतो. नुसती थर्ड पार्टी (दुसऱ्याच्या नुकसानीपुरती) पॉलिसी असेल तर प्रश्नच मिटला, गाडीच्या नुकसानीचा क्लेमच नसतो. सगळ्यात चोख उपाय म्हणजे विकणाऱ्याने स्वतःच्या ईमेलवरून विमा कंपनीकडे क्लेम हिस्टरी मागायची आणि उत्तर तुम्हाला पुढे पाठवायचं. तुम्हाला ती कंपनी देणार नाही, त्याला देते.

बाकी डोळ्यांनी. बॉनेट आणि दारांच्या बिजागऱ्यांच्या बोल्टवर पान्याचे ओरखडे आहेत का? पुढच्या एप्रनवरचे (बॉनेटखालच्या बाजूच्या पत्र्यावरचे) स्पॉट वेल्डचे गोल खड्डे दोन्ही बाजूंना सारखे आहेत का? एखादी काच बाकीच्यांपेक्षा नंतरच्या वर्षाची आहे का? रंगाची जाडी मोजणारं यंत्र कंपनीच्या रंगावर साधारण १०० ते १५० मायक्रॉन दाखवतं. पुट्टी भरलेल्या जागी आकडा कित्येक पट चढतो. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून विझला पाहिजे. तो लागलाच नाही तर तिथेच थांबा.

८. पावसात बुडालेली गाडी रिपोर्टमध्ये दिसते का?

बहुतेक वेळा नाही, आणि मुंबईत मला सगळ्यात जास्त काळजी याच गोष्टीची वाटते. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, २९ ऑगस्ट २०१७ला पुन्हा शहर बुडालं, आणि अधूनमधून हिंदमाता, गांधी मार्केट, मिलन सबवे, अंधेरी सबवे इथे पाणी भरतच असतं. रस्त्यावर अडकलेल्या गाडीचा फोटो सगळे बघतात. सोसायटीच्या बेसमेंटमध्ये, स्टॅक पार्किंगच्या खालच्या खड्ड्यात उभी असलेली गाडी रात्रभर सीटपर्यंत पाण्यात राहिली, हे त्या इमारतीबाहेर कुणाला कळत नाही.

नोंद का होत नाही? पाण्यात सेल मारल्यामुळे इंजिन लॉक झालं, तर इंजिन प्रोटेक्ट अ‍ॅड-ऑन नसल्यास विमा कंपन्या सहसा तो खर्च देत नाहीत. मग मालक स्वतःच दुरुस्त करतो किंवा आहे तशी विकून मोकळा होतो. आणि विमा कंपनीने टोटल लॉस दिला, म्हणजे दुरुस्ती परवडणार नाही असं ठरवून पूर्ण भरपाई दिली, तरी आपल्या आरसीवर तसा शिक्का बसत नाही. दुरुस्त होऊन ती गाडी पुन्हा बाजारात येऊ शकते.

सर्व्हिस रेकॉर्ड मिळालं तर जुलै-ऑगस्टच्या जॉब कार्डवर डोळा ठेवा. एअर फिल्टर, इंजिन ऑइल, गिअर ऑइल, स्टार्टर, एखादं कंट्रोल युनिट आणि आतलं ड्रायक्लीनिंग एकाच भेटीत झालंय का? ही यादी पाण्याची आहे. गाडी चिपळूण, सांगली, कोल्हापूरकडची असेल तर २०१९चा ऑगस्ट आणि २०२१चा जुलै बघा. तिकडची प्रत्येक गाडी बुडालेली असते असं मुळीच नाही, पण त्या महिन्यांत ती कुठे होती हे विचारायला संकोच नको.

गाडीत बसल्यावर सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा. नेहमी आत गुंडाळलेला राहणारा भाग कुणी धूत नाही. तिथे मातकट रेष सापडते. सीट पूर्ण मागे ढकलून रुळांवरचा गंज बघा. कार्पेटचा कोपरा उचलून खालचा नमदा हाताने दाबा. स्टेपनीच्या खड्ड्यात गाळ, हेडलाइटच्या आत बाष्प, फ्यूज बॉक्सच्या पिनांवर हिरवट थर, हे बघा. नव्या कोऱ्या कार्पेटने आणि भरपूर सुगंधाने खूश होऊ नका. आणि शक्य असेल तर गाडी एसी बंद करून, काचा लावून दहा मिनिटं उन्हात ठेवा. ओलीचा कुबट वास दबत नाही.

९. चलानं भरली की झालं ना? त्यांचा इतिहासाशी काय संबंध?

भरायची तर आहेतच, आणि नाव बदलण्याआधी विकणाऱ्याकडूनच भरून घ्यायची. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या साइटवर गाडी नंबर आणि चेसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाकले की थकलेली चलानं दिसतात. पण चलानावर तारीख, ठिकाण आणि बऱ्याचदा फोटो असतो, म्हणून मी ती वाचतो. ‘रविवारी देवळात जायला काढतो’ म्हणणाऱ्याची गाडी आठवड्याच्या मधल्या दिवशी पुणे एक्स्प्रेसवेवर वेगासाठी पुन्हापुन्हा पकडली गेलेली असेल, तर प्रश्न ६ मधला हिशेब पुन्हा मांडा. जुन्या फोटोत बंपर लटकलेला दिसला तर प्रश्न ७ कडे वळा.

फास्टॅगचं स्टेटमेंटही असंच बोलकं. विकणारा ते आपल्या बँकेच्या अ‍ॅपमधून दोन मिनिटांत काढू शकतो. एक गोष्ट विसरू नका: १५ ऑक्टोबर २०२४पासून दहिसर, मुलुंड, ऐरोली, वाशी या मुंबईच्या वेशीवरच्या नाक्यांवर हलक्या वाहनांना टोल नाही. त्यामुळे ठाण्याहून रोज ये-जा करणाऱ्याच्या स्टेटमेंटमध्ये त्यानंतर काही दिसत नसेल, तर गाडी उभी होती असा अर्थ काढू नका.

१०. मालक म्हणतो कर्ज फिटलंय, रिपोर्टमध्ये बँकेचं नाव दिसतंय. कुणाचं खरं?

दोघांचंही खरं असू शकतं. शेवटचा हप्ता भरला की बोजा आपोआप उतरतोच असं नाही. बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन आरटीओतून हायपोथिकेशन (म्हणजे हाच बोजा) काढावं लागतं. बरेच जण तो कागद कपाटात ठेवून देतात. एनओसीला मुदत असते, जुनी असेल तर बँकेकडून नवी आणावी लागते. बोजा रिपोर्टमधून उतरलेला दिसेपर्यंत पूर्ण रक्कम देऊ नका.

११. गाडी चोरीची नाही याची खात्री रिपोर्ट देतो का?

तो नंबर चोरीच्या यादीत नाही, एवढी देतो. एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या) साइटवर गाडीचा, इंजिनचा आणि चेसिसचा नंबर टाकून तपासता येतं, ते जरूर करा. पण टोटल लॉस झालेल्या गाडीची आरसी घ्यायची, तिचा चेसिस नंबर चोरीच्या गाडीवर ठोकायचा, हा जुना धंदा आहे. तिथे रिपोर्ट क्लीनच येणार, कारण तो नंबर खऱ्याच गाडीचा आहे.

चेसिस नंबर कुठे कोरलाय हे गाडीच्या पुस्तिकेत असतं. काही गाड्यांत पुढच्या सीटखाली, काहींत इंजिनामागच्या पत्र्यावर. टॉर्च लावून अक्षर न अक्षर आरसीशी जुळवा. अक्षरांची खोली कमीजास्त, ओळ वाकडी, आजूबाजूला घासल्याचा किंवा वेल्डिंगचा डाग, असं काही दिसलं तर घासाघीस न करता निघून या. हाय सिक्युरिटी नंबर प्लेटवरचा लेझर नंबरही नोंदीशी जुळायला हवा.

१२. दिल्लीची गाडी इथे खूप स्वस्त मिळतेय. रिपोर्टही चांगला आहे. घ्यावी का?

स्वस्त का, ते समजून घ्या. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर हरित लवादाने २०१५ साली घातलेली बंदी २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरली. त्यानंतर तिकडच्या जुन्या गाड्या उतरत्या भावात बाहेर जाऊ लागल्या. इथे आणायला तिकडच्या आरटीओची एनओसी, इथला रोड टॅक्स आणि नवा नंबर लागतो. हा खर्च धरल्यावर स्वस्ताई किती उरते ते मांडून बघा.

रिपोर्टच्या दृष्टीने इथे एक अडचण येते, ती फार थोड्यांना ठाऊक असते. गाडीला एमएच नंबर मिळाला की त्या नंबरावर काढलेल्या रिपोर्टमध्ये आधीच्या नंबरावरची चलानं आणि सर्व्हिस सापडेलच असं नाही. गाडी २०१७ची, पण इथली नोंद २०२२ची असेल तर जुना नंबर मागा आणि दोन्ही नंबरांवर शोधा. अधिकृत वर्कशॉपमध्ये तर थेट चेसिस नंबरावरच विचारा, तो बदलत नाही.

१३. टूरिस्टची (भाड्याने चालवलेली) गाडी प्रायव्हेट करून विकतात म्हणे. कळणार कसं?

आज काढलेल्या रिपोर्टमध्ये ती साधी खासगी कारच दिसू शकते. पांढरी प्लेट नवी, वर्ग खासगी. पण जुन्या पॉलिसी व्यावसायिक वाहनाच्या असतात आणि मागच्या सीटची झीज पुढच्यासारखीच असते. सीएनजी असेल तर आरसीवर नोंद आहे का आणि टाकीची दर तीन वर्षांनी करायची हायड्रो टेस्ट (दाबाची चाचणी) झालीय का, हेही याच वेळी बघून घ्या.

१४. माझा मेहुणा न्यू जर्सीला असतो. तो म्हणतो कारफॅक्स बघ, सगळं कळतं. इथे चालेल?

नाही. कारफॅक्सचा भर अमेरिका-कॅनडातल्या नोंदींवर आहे. तिकडे टोटल लॉस किंवा पुरात बुडालेल्या गाडीच्या मालकीच्या कागदावरच तसा शेरा बसतो, आणि राज्यांच्या नोंदणी खात्यांबरोबर विमा कंपन्या, गॅरेजं, पोलीस अशा अनेकांकडून माहिती येते. तरीही न कळवलेला अपघात तिकडच्या रिपोर्टमध्येही दिसत नाही. आपल्याकडे माहितीचे झरेच कमी आहेत, म्हणून मेहुण्याचा अनुभव खरा असला तरी तो इथल्या रिपोर्टला लावू नका.

१५. मोठ्या कंपनीने शेकडो पॉइंट तपासून दिलेली गाडी असेल तर?

तिथे निदान कुणीतरी गाडी पाहिलेली असते, हा मोठा फरक आहे. तरी तपासणारा विकणाऱ्याचाच माणूस आहे. परत करायची मुदत किती दिवसांची, किती किलोमीटरच्या आत, वॉरंटीत इंजिन-गिअरबॉक्स धरलेत का, हे लेखी वाचा आणि त्या मुदतीतच आपल्या मेकॅनिकला गाडी दाखवून घ्या. १ एप्रिल २०२३पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र घ्यावं लागतं. लहान डीलरकडे जात असाल तर ते मागा.

१६. शेजारच्या काकांची गाडी घेतोय. त्यांच्याकडे रिपोर्ट आणि पॉलिसी मागणं बरं दिसेल का?

हा प्रश्न मला फार वेळा येतो आणि तो मनापासूनचा असतो. मागा. ‘काका, नाव ट्रान्सफर करायला कागद लागतील, एकदा सगळे एकत्र बघून घेऊया का?’ असं म्हटलं की कुणाला लागत नाही, आणि ते खरंही आहे. ओळखीत खोटं कमी बोललं जातं, पण विसरलेलं फार असतं: न काढलेला बोजा, न भरलेलं चलान, मुलाने एकदा ठोकली होती ती गोष्ट. पुढे दहा वर्षं एकाच लिफ्टमधून जायचंय, तेव्हा बोलणं आधी झालेलं बरं.

अनोळखी विकणारा मात्र जुनी पॉलिसी, चेसिस नंबर किंवा मेकॅनिकची भेट यांपैकी कशालाही नाही म्हणाला, तर ते नाही हीच माहिती समजा.

१७. टोकन दिलं, मग रिपोर्टमध्ये खोट निघाली. पैसे परत मिळतील?

टोकन देताना काय लिहिलं होतं त्यावर आहे. निदान व्हॉट्सअ‍ॅपवर तरी एवढं लिहून घ्या: ‘गाडी बुडालेली नाही, मोठा अपघात नाही, मीटर मूळ आहे, बोजा नाही, यापैकी काही खोटं निघालं तर टोकन परत.’ डीलर किंवा कंपनी असेल तर २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे जाता येतं. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. खासगी माणसाने एकदाच स्वतःची गाडी विकली असेल तर ग्राहक आयोगाचा रस्ता सहसा चालत नाही. तिथे दिवाणी दावा किंवा जाणूनबुजून फसवल्याचा पुरावा असेल तर पोलिसात तक्रार. रिपोर्ट विकणाऱ्या साइटवर भिस्त ठेवू नका, माहितीच्या अचूकतेची हमी नाही असं त्यांच्या अटींत बहुधा लिहिलेलंच असतं.

१८. मी गाडी विकणारा आहे. विकून वर्ष झालं तरी रिपोर्टमध्ये माझंच नाव दिसतंय. काय करू?

आजच हालचाल करा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात गाडी विकल्यावर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. २०१८च्या नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नोंदवहीत ज्याचं नाव, तोच मालक धरला जाईल, मग मध्ये गाडी कितीही हातांतून गेलेली असो. त्या गाडीने उद्या कुणाला धडक दिली तर नुकसानभरपाईच्या खटल्यात तुमचं नाव येईल.

घेणाऱ्याला लेखी नोटीस द्या, फॉर्म २९ ची प्रत आणि विक्रीची पावती जोडून तुमच्या आरटीओत अर्ज द्या आणि पोच घ्या. फास्टॅग तुमच्या खात्याला जोडलेला असेल तर बंद करा. गाडी डीलरला दिली असेल तर त्याने ती कुणाला, कोणत्या तारखेला दिली ते लेखी मागा. नाव बदलेपर्यंत महिन्यातून एकदा त्या नंबरावरची चलानं बघत राहा आणि नवं चलान दिसलं की त्याचा फोटो जपून ठेवा. गाडी तेव्हा तुमच्या ताब्यात नव्हती हे दाखवायला तो उपयोगी पडतो.